बिनवार्निशची भिंत

पंख्याचा एवढा द्वेष करणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा जन्मला नाही, आणि आमच्याकडचा उन्हाळा पाहता जन्मणारही नाही. मे महिन्यात आमच्याकडे माणसं कूलरपुढून उठतात तीसुद्धा एकमेकांचा निरोप घेऊन. अशा दिवसांत माझे थोरले साडू राजुऱ्याला आमच्या घरी यायचे, चपला काढायच्या आधी भिंतीवरची बटणं चाचपायचे आणि म्हणायचे, "पयले ते पंखे बंद करा ना जी!" पंख्याशी त्यांचं हाडवैर होतं, कारण ते वर्ख लावायचे. मिठाईवरचा नव्हे, भिंतीवरचा. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असं पितळेचं पान ते भिंतीवर, छताच्या नक्षीवर, आरशाच्या चौकटीवर असं काही बसवायचे की पाहणाऱ्याला घरमालकाला कुठेतरी गुप्तधन सापडलं असावं असा संशय यावा. पण ते पान नुसत्या श्वासानंही उडायचं. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खिडक्यांना ओल्या साड्या आणि घरातल्या माणसांनी शक्यतो श्वास घेऊ नये, अशी व्यवस्था असायची.

हा नाद त्यांना उशिरा लागला. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात त्यांची उभी नोकरी नळ रंगवण्यात गेली. वाफेचा नळ एका रंगाचा, पाण्याचा दुसऱ्या, तेलाचा तिसऱ्या. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना ते मुलीच्या लग्नासाठी चंद्रपुरातला एक हॉल पाहायला गेले. तिथे हैदराबादकडचा एक म्हातारा कारागीर परांचीवर उभा राहून छताला वर्ख लावत होता. साडूभाऊ खाली सतरंजीवर बसले ते संध्याकाळी हॉल बंद करणाऱ्यानं उठवलं तेव्हाच उठले. घरी गेल्यावर मोठ्या ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीनं, विचारलं, "हॉलचं काय झालं?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तारीख विचारायचीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती तारीख गेलेली होती. मुलीचं लग्न शेवटी दुसऱ्याच हॉलात, साध्या चुन्याच्या छताखाली लागलं आणि बापानं अक्षता टाकताना त्या छताकडे पाहून मान हलवली, ती सगळ्यांना गहिवरानं हलली असं वाटलं.

त्यांचं बोटही त्यांच्याएवढंच प्रसिद्ध होतं. वर्ख लावण्याआधी भिंतीला एक चिकट लेप देतात. तो लेप ओला असताना पान लावलं तर ते बुडतं, वाळल्यावर लावलं तर धरत नाही. मधली घटका साधावी लागते. ती साधली की नाही हे साडूभाऊ उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर उलटं टेकवून पाहायचे. पेर उचलताना बारीकसा आवाज आला की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता." पुढेपुढे ते पेर सगळ्या जगाला लागू लागलं. लाडवाच्या पाकाला लागलं, शेजाऱ्याच्या नव्या ओट्याच्या सिमेंटला लागलं. एकदा तहसील कचेरीत साहेबांनी सही केलेल्या कागदालाही त्यांनी पेर लावून पाहिलं आणि "अजून पाच मिनिटं थांबा जी" असं साहेबांनाच सांगितलं. साहेब थांबले. साडूभाऊ इतक्या अधिकारानं सांगायचे की मीही थांबलो असतो.

दुखवट्याला मात्र मी त्यांना न्यायला घाबरायचो. एकदा माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे वडील वारले म्हणून आम्ही दोघं बसायला गेलो. सगळे खाली माना घालून बसलेले, आणि आमचे साडूभाऊ मान वर करून छताच्या कोपऱ्यांकडे पाहतायत, डोळे भरल्यासारखे. घरच्या माणसांना फार बरं वाटलं. आपल्या बापासाठी कुणीतरी परका आभाळाकडे पाहतोय, असं त्यांना वाटलं असणार. एवढ्यात साडूभाऊ हळूच म्हणाले, "नक्षी लय सुंदर आहे. कोनी केली?" मी त्यांचा गुडघा दाबला. पण गंमत बघा, त्या गृहस्थांनी डोळे पुसून सांगितलं, "बाबांनीच करून घेतली होती जी." मग पुढचा अर्धा तास ते दोघं बाबांच्या त्या छताबद्दल बोलत बसले, आणि निघताना ते गृहस्थ साडूभाऊंचा हात सोडेनात. माझा हात त्यांनी धरलाही नाही.

आता आमच्या भिंतीचं सांगतो. मुलीला बाळ झालं तशा मोठ्या ताई पुण्याला गेल्या. तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या, पण मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर, बाळाला सोडून येणार कशा? मग "तुम्हीच इकडे या" असं ठरलं. साडूभाऊ म्हणाले, "साडूभाऊच्या घरची एक भिंत कबूल केली आहे. तेवढी झाली का येतो." ही भिंत त्यांनी कबूल केली आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं. पंधरा दिवसांचं काम म्हणून ते चंद्रपूरहून रोज स्कूटरनं यायला लागले. आमच्या बैठकीच्या भिंतीवर आधी गेरूचा हात, मग लेप, मग पान. आम्ही घामानं निथळत, तोंडाला दुपट्टे बांधून, आपल्याच घरात चोरासारखे वावरायचो. एकदा बायकोनं शिंकण्यापुरता पदर तोंडाशी नेला, तेवढ्या वाऱ्यानं एक पान उडालं ते स्वयंपाकघरातल्या सुक्या झिंग्यांवर जाऊन बसलं. "फेका ते झिंगे," साडूभाऊ कळवळून म्हणाले, "पितळ आहे. सोनं असतं तर खाल्लं असतं."

पंधरा दिवसांचं दीड वर्ष झालं. भिंतीचा वरचा भाग पुरा होईतो खालचा काळवंडायचा. आमच्याकडची हवा कोळशाची, पितळ उघडं राहिलं की ते काळं पडणारच. मग साडूभाऊ काळा पडलेला भाग खरवडून काढायचे आणि नव्यानं लावायचे. मला वाटायचं, वय झालं, जमत नसेल. एकदा मी बाजारात एका पेंटरजवळ ही तक्रार केली, तर तो हसायलाच लागला. "वर्खावर वार्निश मारलं का काळं पडत नाई भाऊ. मले हे त्यायनंच शिकवलं!"

मी घरी येऊन साडूभाऊंना सरळ विचारलं. ते शिडीवर होते. तिथूनच भिंत पुसू लागले. मग म्हणाले, "काम झालं का पुण्याले जा लागते ना, साडूभाऊ. अकराव्या मजल्यावर मी काय करू? मी बोललो का नातू हासते. आन् तिले तिथी करमून गेलं. मी गेलो काय, नाई गेलो काय."

पण रोज चार वाजता ते मोबाइल खुर्चीवर टेकवून ताईंना भिंत दाखवायचे. खुर्ची नेमकी उजेडात असावी म्हणून साडेतीनपासून सरकवत बसायचे आणि केसांवरून ओला हात फिरवायचे. ताई "छान आहे" म्हणेपर्यंत नातू फोन ओढायचा आणि पडद्यावर पुण्यातलं छत दिसायला लागायचं. साडूभाऊ त्या छताकडेही बंद होईपर्यंत पाहत राहायचे. मला त्या माणसाची दया यायची आणि रागही यायचा. एवढी आठवण येते तर जावं ना!

एक दिवस नातू झोपला होता. ताईंनी पडद्यावर सगळी भिंत नीट निरखली. मग म्हणाल्या, "खालचा कोपरा परत काळा पडला. तुमचं काम मले माहीत नाई काय? यायचं नसन तर नाई म्हना."

"तुले तिथी करमते म्हनून..." साडूभाऊ पुटपुटले.

"कोन म्हनलं करमते? पोरीसंग, जावयासंग दिवसभर पुण्यावानी बोलून बोलून माहं तोंड अवघडून गेलं. इथी भांडाले कोनी नाई. तुम्ही आले तर भांडता तरी येईन."

माझी बायको आत निघून गेली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. फोन बंद झाल्यावर साडूभाऊ तसेच बसून होते, कारण ज्या बाईला तिकडे करमलं म्हणून दीड वर्ष मनातल्या मनात झुरले, तिचंही तिकडे तेच चाललं होतं हे समजायला वेळ लागणारच. मग ते उठले. "साडूभाऊ, इथी चांगलं वार्निश कुठी भेटते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालचा कोपरा नव्यानं केला आणि त्यानंतर एका बैठकीत सगळ्या भिंतीवर वार्निशचा हात फिरवला. तो वाळल्यावर दुसरा फिरवला. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी तिसराही फिरवला. चौथ्या दिवशी आम्ही त्यांना बल्लारशाला गाडीत बसवून आलो.

आता फोन करतो तेव्हा मागून ताईंचा चढलेला आवाज येतो आणि साडूभाऊ मला "थांबा जी" म्हणून आधी तिला उत्तर देतात. दोघं सुखात आहेत. आमच्याकडे मात्र चार वाजले की बैठकीत बसवत नाही. परवा मी विचारलं, "इकडे केव्हा येता?"

"तुमची भिंत काळी पडली का येतो."

मी भिंतीकडे पाहिलं. दीड वर्षात जी एक महिना धड टिकली नव्हती, ती आता दुसरा पावसाळा काढून काल केल्यासारखी लखलखत होती. एवढं पक्कं काम त्यांनी करायला नको होतं.