दोन डॉक्टरांचं ऊन

जानेवारीत धुकं विरलं, की झिरकपूरच्या आमच्या सोसायटीतले सगळे म्हातारे बागेत संत्री सोलत उन्हाला बसतात. मी अकराच्या कॅबची वाट बघत उभी असायचे, तेव्हा त्यांतले एक काका हमखास दिसायचे. नाव कधी विचारलं नाही. चेहऱ्यावर सनस्क्रीनचा थर, भिंतीला पुट्टी भरावी तसा. डोक्यावर टोपी, कानाला मफलर. खाली मात्र पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून दोन्ही पाय उन्हात पसरलेले.

एकदा हसू आवरेना. विचारलंच, "अंकलजी, आपको धूप चाहिए कि नहीं चाहिए?"

"चेहरा स्किनवाले डॉक्टर का, टाँगें हड्डीवाले की," ते गंभीरपणे म्हणाले. "दोनों की बात रखनी पड़ती है जी."

मग माझ्या तेवढ्याच पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बेटा, तुम कहाँ धूप में काम करती हो?"

ऑफिसच्या आमच्या मजल्याला खिडकीच नाही आणि परत येते तेव्हा अंधार पडलेला असतो. पण रोज सकाळी दोन बोटं क्रीम मी चोपडतेच. गेलं वर्षभर ते इमानेइतबारे ट्यूबलाइटपासून माझं रक्षण करतंय.