आगीसाठी राखलेलं पाणी

नांदेडहून निघताना बायकोनं पिशवीत पाण्याच्या बाटल्या कोंबल्या, तेव्हा मी वैतागलो होतो. लातूर म्हणजे काय वाळवंट आहे? एसटी लोहा, अहमदपूर करत दुपारी पोचली, तोवर बाटल्या रिकाम्या आणि घसा कोरडा ठाक.

उतरलो ते बाजारातल्या लॉजवर. पूर्वी इथं आडत होती, खोल्यांत तूर-हरभऱ्याची पोती असायची. आता परीक्षांच्या हंगामात मुलांचे पालक असतात. वर सुरेख सागवानी तुळया, आणि त्यांना खेटून लाल लोखंडी पाइप. पाइपांना जागोजागी फवारे (आगीची धग लागली की आपोआप पाणी सोडणाऱ्या तोट्या).

"छताची शोभा घालवलीत की हो," मी मालकांना, मन्मथअप्पांना म्हणालो.

"गेली खरी. एक खोली पंपात गेली, ती येगळीच. पण जिना एकच हाय, त्यो बी लाकडी. दुसरा काढावा तर भिंत खालांची. आग लागली तर माणसं उतरणार कुठनं?"

खाला (मावशी) म्हणजे शेजारच्या जैनबखाला. अप्पा त्यांच्याच अंगणात खेळून मोठे झाले. पण हल्ली खाला त्यांच्याशी बोलत नाहीत. कारण लॉजच्या गच्चीवरची टाकी. उन्हाळ्यात गल्लीतले नळ कोरडे, आणि ही टाकी काठोकाठ, फक्त आगीसाठी. खालांनी एक घागर मागितली, अप्पा नाही म्हणाले. एका घागरीला हो म्हटलं की गल्लीला नाही म्हणता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. चोरी नको म्हणून त्यांनी टाकीलाही आणि पाइपाच्या व्हॉल्व्हलाही कुलूप घातलं. मला आंघोळीला अर्धी बादली मिळाली. मी साहजिकच खालांच्या बाजूचा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंधारच्या एका पाहुण्यानं ओला सदरा हँगरसकट फवाऱ्याला अडकवला. झटका बसला, फवाऱ्यातली काचेची नळी फुटली आणि धो धो पाणी! आधी काळं, गंजाच्या वासाचं, मग स्वच्छ. अप्पा मोंढ्यात (धान्यबाजारात) गेलेले, किल्ली त्यांच्या कमरेला. बंद कोण करणार? दुसरीकडं लोक पळाले असते. इथं अख्खी गल्ली घागरी, पातेली, बादल्या घेऊन जिन्यावर चढली. हसावं की रडावं कळेना. सगळ्यांत पुढं खाला.

अप्पा धापा टाकत आले, तोवर टाकीनं तळ गाठला होता. ते कुणावर ओरडले नाहीत. मुकाट्यानं वरच्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या. टँकर येऊन टाकी भरेपर्यंत वर कुणी राहायचं नाही.

"भर हंगामात? एका दिवसात कुठं आग लागते अप्पा?" मी विचारलं.

"लागली तर? कुलूप मीच घातलं, चूक माझी. पण माणसं कोरड्या पाइपाखाली न्हाई झोपवणार."

मी पिशवी घेऊन खालांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी भरलेल्या घागरीतलं पाणी फडक्यानं गाळलं.

"तुम्हाला राग येणं बरोबरच आहे," मी म्हणालो.

"आग लागंल तवा लागंल भाऊ, तहान रोज लागती," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "पन मन्मथचं बरोबर हाय. माझी भिंत त्याच्याच भिंतीला लागून हाय की. त्याला सांगू नका."

निघताना अप्पांनी विचारलंच, "खाला काय म्हणल्या?"

"काही नाही," मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडला.

अहमदपूर मागं पडलं, तरी तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. कुणाच्या घरच्या भांडणात आपण कशाला, असं स्वतःला बजावून पाहिलं. शेवटी नांदेड स्टँडवर उतरताच फोन लावला आणि खालांचा शब्द मोडून सगळं सांगून टाकलं.

अप्पांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"टँकर आला का?" मी विचारलं.

"आला. टाकी भरली. आता खाला घागर घेऊन दारात उभ्या हायत."

"मग?"

"मग काय? जातो, मला बरोबर म्हणणाऱ्या खालांनाच न्हाई म्हणून येतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.