श्रीनिवासरावांच्या जळालेल्या कॅलरी

बँकेतून निवृत्त झाल्यापासून श्रीनिवासराव रोज सकाळी सायकलवर पडेगावपर्यंत जात आणि मोबाईलनं दाखवलेल्या कॅलरी जळाल्या म्हणून वाटेत इमरत्या हाणत. पोट मात्र सुटतच चाललं होतं. पाकानं बरबटलेला तो मोबाईल पाहिला, की त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, शिसारी यायची.

एकदा येताना सायकल पंक्चर झाली. स्वारी सायकलीसकट ओळखीच्या टेम्पोतून दारात उतरली. खिशातला मोबाईल टेम्पोतही कॅलरी मोजतच होता.

"अगं, आज दुप्पट कॅलरी जळाल्या! साबुदाण्याचे वडे तळ ना."

अनसूयाबाईंनी आधी मोबाईलवरचा आकडा पाहिला, मग टेम्पो. त्यांचं डोकंच फिरलं.

"तळते की! पण पहिला घाणा त्या टेम्पोला वाढते. जळालं ते त्याचं डिझेल, तुमचं काय जळालं हो?"