सातव्या दिवसाची गुटी

माझ्या नाश्त्याच्या टेबलावर पदार्थांपेक्षा डबे जास्त असतात. शेवग्याच्या पाल्याच्या गोळ्या, अश्वगंधा, भाजलेले जवस, रात्री भिजवलेलं आणि सकाळी बेडकाच्या अंड्यांसारखं दिसणारं चिया, शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपच्या शिफारशीवरून आणलेलं एक हिरवं चूर्ण. हे चूर्ण नेमकं कशावर आहे ते ग्रुपलाही ठाऊक नाही. एवढं करून खांदा कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझं पोट अजून माझ्या आधी आत येतं. "लहानपणी गुटी कमी पडली तुम्हाला," बायको म्हणते.

कमी नाही पडली. मिळालीच नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, ओवे गावातल्या घरी. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवसापासून आईने त्याला गुटी सुरू केली. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, खारीक, बदाम, सगळं सहाणेवर एकेक वेढा उगाळायचं आणि चमच्याने पाजायचं. सहा दिवस पाजलं. बाराव्या दिवशी बारसं होतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी तो गेला. नाव ठेवायचं राहिलं, म्हणून घरात त्याला नुसतं 'तो' म्हणतात. आईला कोणी बोल लावला नाही. पण तिने सहाण आणि गुटीचे तुकडे एका पत्र्याच्या डब्यात घालून ठेवले ते ठेवलेच. मी झालो तेव्हा शेजारणी सांगून थकल्या, तिने मला गुटीचा थेंब दिला नाही.

म्हणून गेल्या वर्षी माझी मुलगी बाळंतपणाला आली, नात घरी आली आणि एका सकाळी आईने ट्रंकेच्या तळातून तो पत्र्याचा डबा काढला, तेव्हा बायकोने गॅस बंद केला. उगाच. वर काही नव्हतं.

"हिला मी गुटी देणार," आई म्हणाली.

"आजी, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने पाणीसुद्धा नाही. फक्त दूध," मुलगी म्हणाली.

"डॉक्टरनं माझी सहाण बघितली हाय काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला एकदा बघू दे गो. माझ्या हातची पिऊन पोर जगतं का नाय ते."

मुलगी मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली. "बाबा, बाळाला काही मिळणार नाही, हे नक्की. पण आजीला नाही म्हणायचं कसं? तुम्ही प्या ना. नाहीतरी काय वाट्टेल ते खाता."

आईची एकच अट होती आणि ती आमच्या पथ्यावर पडली. मला म्हणाली, "पाजायचं तू. माझा हात नको."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मला त्या आवाजाने जाग येऊ लागली. ओल्या दगडावर सावकाश, एका लयीत. हा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तरी दर वेळी वाटायचं की घरातलं कोणीतरी तो ओळखतंय. बदाम आणि खारीक किड्यांनी कधीच संपवली होती, ती नवी आणली. बाकीचे तुकडे तेच. प्रत्येकाची एक बाजू किंचित तिरकी झिजलेली. ती झीज सहा दिवसांची. आई पुन्हा त्याच बाजूने उगाळत होती.

वाटी घेऊन मी बाळाच्या खोलीत जायचो, दार लोटायचो, भिंतीकडे तोंड करून पिऊन टाकायचो. कडू, तुरट, मागून जरा गोड. मुदत संपल्याची तारीख छापलेली नाही असं माझ्या आहारातलं ते एकमेव औषध होतं. वळलो की नात जागी असायची. तान्ही मुलं आपल्याकडे बघतच नाहीत, आपल्या खांद्यामागे बघतात, हे मला माहीत आहे. तरी मी दर वेळी मागे वळून बघायचो. आई बाहेरून विचारायची, "प्यायलं?"

"प्यायलं."

"झोपलं होतं ना रात्री नीट?"

"झोपलं."

असे सहा दिवस गेले.

सातव्या सकाळी वाटी हातात आली आणि माझा हात वर जाईना. बावन्न वर्षांचा माणूस, जगभरची चूर्णं बेधडक गिळणारा, चमचाभर पाण्याला घाबरला. ही सातवी गुटी आमच्या घरात अजून कोणाच्याही पोटात गेली नव्हती. ती ज्याची होती त्याने ती घेतली नव्हती. नात माझ्या खांद्यामागे बघत होती. या वेळी मी वळलो नाही.

दार वाजलं नाही, पण आई आत उभी होती.

"थांबलास कशाला? पी."

मी बाळाकडे बघितलं.

"तिच्याकडं काय बघतो? तिला तिचा डॉक्टर हाय. दुसऱ्या दिवशीच कळलं मला. मिशीला हळकुंड लागलेलं तुझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

आई पदराचं टोक मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी प्यायलो. तिने वाटी घेतली, तळ बघितला आणि गेली.

त्या दिवशी तिने मला ऑफिसला जाऊ दिलं नाही. ती जेवली नाही. तासातासाने येऊन विचारायची, "पोटात दुखतं का रे? अंग गरम वाटतं?" जायफळामुळे म्हणा किंवा माझ्या सवयीमुळे म्हणा, दुपारी मी सोफ्यावर आडवा झालो.

डोळा लागत होता तोच नाकाखाली काहीतरी आलं. आईचं बोट, वेखंडाचा वास असलेलं. ते तिथेच थांबलं. हलेना. मी डोळे उघडले नाहीत. श्वास जरा मोठा सोडला, मग आणखी एक, तिला नीट लागेल असा.