बगलेतली शिवण

“बगलेत जरा घ्या, दादा. पळताना वारा शिरतो आणि फुग्यासारखा फुगतो मी.”

“किती घेऊ?”

“ते तुम्हाला कळतं. मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं, असं कधी झालंय का?”

साडूने निळा बनियन कापायच्या टेबलावर टाकला आणि स्टूल ओढून बसला. बिनबाह्यांचा, जाळीच्या कापडाचा, मुठीत धरला तर मावेल असा पळायचा बनियन. रविवारी मॅरेथॉन होती आणि आज गुरुवार. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, साडूला उभं केलं, बनियन घालायला लावला आणि दोन्ही बगलांत टाचण्या लावायला घेतल्या. उरलेल्या टाचण्या ओठांत होत्या. शिंप्याला ही एक सोय असते, तोंडात टाचण्या असल्या की चेहऱ्यावर काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

“या वेळी काय ठरवलंय तुम्ही?” मास्तरांनी ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं.

“ठरवायचं काय त्यात? घरात बायको सांगेल तसं, रस्त्यावर घड्याळ सांगेल तसं. ते हळू म्हणालं की हळू, जोरात म्हणालं की जोरात.”

“चार तासांच्या आत?”

“बघू. गेल्या वर्षी चार मिनिटंच वर गेली. तुमची किती हो, सहा ना?”

“सहा.”

“म्हणजे आपण दोघंही काठावरच आहोत,” साडू म्हणाला, आणि त्यात त्याचा काही डाव नव्हता. तो खरंच तसं समजत होता. साडूचं हेच तर मास्तरांना पचत नव्हतं. माणूस जरा कुचका असता तर दोन शिव्या मनात घालून मोकळं होता आलं असतं. पण हा पाण्याचे पंप विकत गावभर फिरायचा, भेटेल त्याच्याशी हसून बोलायचा, आणि येताना मेहुणीसाठी, म्हणजे मास्तरांच्या बायकोसाठी, पेरू आणायचा. असल्या माणसाचा राग करायचा तर तो सगळा आपल्या घरचा घालावा लागतो.

मास्तर त्याला अहो-जाहो करत, कारण शेवटी तो धाकट्या मेहुणीचा नवरा, घरचा जावई. मनात मात्र त्याचं नाव ‘पंप’ होतं आणि सगळा कारभार अरे-तुरेचा.

मास्तरांचं पळणं सुरू झालं ते मशीनला मोटर बसवली तेव्हापासून. आधी वीस-बावीस वर्षं त्यांनी पायानं मशीन चालवलं. मोटर आली आणि पायांना कामच उरलं नाही. टेबलाखाली ते आपले आपले हलत राहायचे. रात्री अंथरुणातही हलायचे. बायको म्हणाली, “हे पाय बाहेर फिरवून आणा, नाहीतर मी वेगळी निजते.” मग दुकान उघडायच्या आधी मैदानाला फेऱ्या, फेऱ्यांचं पळणं, आणि पळण्याचं हे वेड. नऊ वर्षांत सात मॅरेथॉन झाल्या. त्यात सगळ्यात चांगली वेळ गेल्या वर्षीची, चार तास सहा मिनिटं. ती वेळ लागली त्या दिवशी मास्तर खूश व्हायला हवे होते. झाले नाहीत, कारण दोन मिनिटं आधी साडू येऊन बसला होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत जो माणूस बस पकडायलासुद्धा पळत नव्हता, तो.

त्यातही मिनिटांचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. गिळता आली नाही ती बाटली. बायको शेवटच्या रेषेपाशी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. मास्तर पोचले, हात पुढे केला, तर बाटली अर्धी.

“ते आधी आले ना,” बायको म्हणाली. “घसा सुकला होता बिचाऱ्याचा.”

मास्तरांनी ते अर्धं पाणी प्यायलं. त्याची चव त्यांच्या जिभेवर वर्ष झालं तरी होती. पुढे सासूबाईंनी सगळे जमलेले असताना म्हटलं, “धाकट्यांनी दोन वर्षांत केलं, थोरल्यांना आठ लागली.” सासूबाई खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

तेव्हापासून मास्तरांनी रविवारच्या शर्यतीची तयारी टेपावर चालवली होती. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. बेचाळीस सेंटिमीटरवर निळ्या दोऱ्याची गाठ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की डोळे मिटून ते टेपावरून बोट सरकवत. पहिले चौदा म्हणजे कटिंग. तिथे घाई नाही, चुकीचं कापलेलं कापड परत जुळत नाही. मधले चौदा म्हणजे मशीन. एकसारखा टाका, ना लांब ना आखूड. शेवटचे चौदा म्हणजे काज-बटण. हात थकलेले असतात, डोळे थकलेले असतात, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच बघतं. योजना झकास होती. बोट वीसपर्यंत सुरळीत जायचं, तिसापर्यंत जायचं, आणि बत्तीसवर आलं की मागून साडू यायचा.

गेल्या वर्षी तो तिथेच आला होता. गोदामांची लांब भिंत आहे, सावली नाही, तिथे. मास्तरांच्या पोटऱ्यांचे दगड झालेले, आणि हा बाजूनं जाता जाता म्हणाला, “चला दादा, थोडंच राहिलंय.” थोडंच म्हणजे दहा किलोमीटर. मास्तरांना त्याची पाठ दिसली. मग ती पाठ लहान होत गेली. आता टेपावरही रोज तेच. डोळे घट्ट मिटा, बोट जोरात सरकवा, बत्तीसवर ‘चला दादा’ ठरलेलं.

साडू गेला. दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून मास्तर बनियन घेऊन मशीनवर बसले. बायको वर जेवणाची भांडी घासत होती.

माणूस कुठे घासला जातो हे शिंप्याला त्याच्या बायकोआधी कळतं. कुणाची कॉलर झिजते, कुणाची मांडी, कुणाचा कोपर. आणि चार तास हात पुढे-मागे करणाऱ्या माणसाची बगल. तिथे एखादा कडक धागा आला तर पहिले दहा किलोमीटर कळतसुद्धा नाही. वीसला चुरचुरतं. तिसाला मीठ चोळल्यासारखं होतं. बत्तीसला माणूस हात अंगापासून लांब धरून कोंबड्यासारखा चालायला लागतो.

मास्तरांनी वरच्या रिळाला निळा बारीक दोरा लावला. खालच्या बॉबिनला मात्र जीन्सचा जाड दोरा भरला. वरून दिसणारी शिवण वरच्या दोऱ्याची, अंगाला लागणारी खालच्या दोऱ्याची. आतलं जास्तीचं कापड छाटायचं असतं, ते छाटलं नाही. दुमडून वर आणखी एक टीप मारली आणि टोकाला गाठ ठेवली, ज्वारीच्या दाण्याएवढी. बनियन सुलटा करून धरला. वरून बघाल तर बोट ठेवायला जागा नाही.

मग त्यांनी टेप घेतला, डोळे मिटले. बोट निघालं. चौदा. अठ्ठावीस. बत्तीस. साडू आला नाही. आज मास्तरच त्याच्या मागून आले. साडू भिंतीला धरून चालत होता, हात फाकलेले, निळ्या बनियनवर बगलेखाली लाल डाग. मास्तरांनी म्हणायला तोंड उघडलं, “चला, थोडंच राहिलंय.” पण नजर डागावरून हलेना. त्यांना दिसत होती ती उलटी शिवण. न छाटलेलं कापड, दोन टिपा, गाठ. त्यांच्या दुकानातून आजवर असलं काम बाहेर पडलं नव्हतं. मास्तरांनी डोळे उघडले, बनियनची घडी केली आणि तयार कपड्यांच्या फळीवर ठेवली. डोकं दुखायला लागलं होतं.

आता एक सांगायला हवं. या दुकानात काज-बटण आणि शेवटची तपासणी बायकोची. तयार झालेला प्रत्येक कपडा ती उलटा करते, प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवते, आणि मगच तो पिशवीत जातो. सत्तावीस वर्षांची ही रीत. मास्तरांना ती ठाऊक नव्हती असं कसं म्हणायचं? पण माणूस मत्सराच्या भरात बायकोलाच विसरतो.

शुक्रवारी सकाळी तिने बनियन उलटा केला. डाव्या बगलेपाशी अंगठा थांबला. तिने उजवी बगल पाहिली. मग चष्मा लावून परत डावी.

“नवीन माणूस ठेवलाय का?” तिने विचारलं.

“का?”

“हे तुमचं काम नाही म्हणून विचारलं.”

मास्तर शाळेच्या पँटीला पट्टा लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बॉबिन बदलायची राहिली,” ते म्हणाले. “जीन्सचा दोरा होता.”

“गुरुवारी जीन्स कुणाची होती?”

मोटर घरघरत राहिली, पण सुईखाली कापड नव्हतं.

“दोन मिनिटांसाठी?” बायको म्हणाली.

“दोन मिनिटांसाठी नाही.”

“मग?”

नऊ वर्षं पळणारा माणूस, सेहेचाळीस वय, दारावर स्वतःच्या नावाची पाटी, आणि त्याला सांगावं लागलं, “तू बाटली त्याला दिलीस.”

बायको हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. तिने बनियन सुलटा करून मांडीवर ठेवला.

“मला वाटलं, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे लागलं नाही,” ती म्हणाली. “उसवते मी, का तुम्ही उसवता?”

“दे इकडे.”

मास्तरांनी ब्लेड घेतलं. जाड टाका उसवायला सोपा, पण जाळीचं कापड नाजूक. जरा चुकलं तर भोक. एकेक टाका धरून कापावा लागला. घालायला दहा मिनिटं लागली होती, काढायला तास गेला. दोन शाळांचे गणवेश पडून राहिले. बायको समोर बसून बटणं लावत होती. मधेच म्हणाली, “त्या टेपावर रोज काय करता, ते तरी सांगा.”

मास्तरांनी सांगितलं. कटिंग, मशीन, काज-बटण. आणि बत्तीस.

“तिथे तो येतोच,” ते म्हणाले. “कितीही जोरात पळालो तरी पुढे जातो.”

“टेपावरसुद्धा?”

“टेपावरसुद्धा.”

“मग तिथे त्याला पळवतं कोण? बोट तर तुमचंच आहे.”

मास्तरांचं ब्लेड थांबलं.

“बत्तीसला तुम्ही स्वतः काय करणार आहात?” तिने दातांनी दोरा तोडला. “तो काय करणार ते ऐकलं. तुमचं सांगा.”

मास्तरांनी आठवून पाहिलं. पहाटे किती वाजता उठायचं, बुटाची नाडी कशी बांधायची, पहिल्या चढाला किती आवरायचं, सगळं ठरलेलं होतं. बत्तीसचं काही ठरलेलं नव्हतं. तिथे त्यांनी फक्त साडूची वाट पाहायचं ठरवलं होतं, आणि तो इमानदारीनं रोज येत होता.

“पाऊल आखूड करीन,” ते हळूहळू म्हणाले. “गेल्या वर्षी ताणत राहिलो, म्हणून पोटऱ्या गेल्या. आखूड टाका, पण थांबायचं नाही. पाणी लागेल. तिथे पाण्याचं टेबल नसतं.”

“मी उभी राहीन तिथे.”

“सावली नाही.”

“छत्री आहे.”

“धाकटी शेवटच्या रेषेवर तुझी वाट बघेल.”

“बघू दे. तिला तिचा नवरा आहे.”

मास्तरांनी बॉबिनला मऊ दोरा भरला. कापड छाटलं, कडा सपाट बसवल्या आणि शिवण स्वतःच्या मानेवर घासून पाहिली. तान्ह्या पोराचं झबलं शिवताना पाहतात तशी. मानेमागचं कारखान्याचं खरखरीत लेबलही टोचत होतं. साडूने ते सांगितलं नव्हतं. मास्तरांनी तेही काढलं. चरफडत काढलं, पण काढलं.

शनिवारी सकाळी साडू आला. बनियन घातला, हात वर केले, खाली केले, दुकानातल्या दुकानात जागच्या जागी पळून दाखवलं.

“दादा, अंगावर काही आहे असं वाटतच नाही. आता चार तासांच्या आत नक्की.”

शिवण सरळ केली म्हणून मन सरळ होतं असं नाही. हा माणूस उद्या माझ्या टाक्यांत बेचाळीस किलोमीटर सुखानं पळणार, आणि सासूबाई परत काहीतरी खरं बोलणार.

“उद्या बरोबरच पळू या का?” साडू म्हणाला. “तिसापर्यंत तरी. गप्पा मारत.”

“नको,” मास्तर म्हणाले. “तुमचं घड्याळ वेगळं, माझा टेप वेगळा. मी मागच्या घोळक्यातून निघेन.”

“मग गोदामापाशी भेटू,” साडू हसून म्हणाला.

“भेटलात तर एक करा,” मास्तर म्हणाले. “थोडंच राहिलंय, असं म्हणू नका.”

साडू गोंधळला. “का हो?”

“दहा किलोमीटर असतात तिथून.”

बायकोने बनियन पिशवीत घालून साडूच्या हातात दिला. तो पेरू ठेवून गेला. मास्तरांनी पेरूकडे बघितलं नाही. खडूनं टेबलाच्या कडेला लिहिलं, ‘३२ – आखूड, पाणी’, आणि खाली एक रेघ ओढली.

“बाटली मोठी घे,” ते बायकोला म्हणाले.

“मोठीच घेते. आणि आधी कोण का येईना, झाकण उघडत नाही.”

मास्तरांनी शाळेच्या पँटींचा ढीग पुढे ओढला. एकोणीस झाल्या होत्या, एकवीस बाकी होत्या आणि दुपारी मुख्याध्यापिकांचा शिपाई न्यायला येणार होता. त्यांनी बॉबिन काढून दोरा पाहिला, बोटानं चाचपला, परत बसवली. टेबलाखाली त्यांचे पाय हलत होते. त्यांनी विसावी पँट सुईखाली घेतली आणि मोटर सुरू केली.