काशीअप्पांची मोजणी

काशीअप्पांची आणि माझी ओळख झाली तेव्हा आमच्यामध्ये निदान दीडशे पावलांचा लाल माळ होता. गोल्फ क्लबातला माझा पहिला दिवस. मी स्टिक उचलली, कंबर वळवली आणि जोरात फिरवली. बॉल जागेवर. कोणी पाहत नाही अशी खात्री करून पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी माझी टोपी उडाली, बॉल मात्र हलला नाही. मग हे काही घडलंच नाही असा चेहरा करून मी नव्याने उभा राहिलो, तेवढ्यात लांबच्या सीताफळीमागून खणखणीत आवाज आला, "तीन झाले, सर."

जवळ येऊन त्यांनी नमस्कार केला, नाव सांगितलं आणि लगेच नियमही सांगितला. "हवेला मारलं तरी मोजायचं. मारायचं मनात होतं न्हवं तुमच्या?" होतं, असं मी कबूल केलं. कॉलेजात वीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडणारा मी. त्या दिवशी मुलांना काय वाटत असेल ते कळलं.

बिदरला गोल्फ क्लब आहे हे ऐकून बाहेरचे लोक हसतात, आणि पाहिल्यावर जरा जास्तच हसतात. मैलूरच्या पलीकडे आमच्या एका गुत्तेदारांचा पडीक माळ आहे. रस्ते, पूल, बोअर, जे निघेल ते कंत्राट घेणारा हा माणूस एकदा कुठल्याशा मोठ्या शहरात गोल्फ बघून आला आणि त्याला माळाचा उपयोग सापडला. जमीन त्यांची, म्हणून अध्यक्षही तेच. जांभ्या दगडाच्या त्या माळावर गवत नावाला नाही. होलभोवती हिरवळ असावी लागते, तिथे आम्ही वाळूत जळकं तेल कालवून काळी चकती करतो आणि तिला न लाजता ग्रीन म्हणतो. झेंडे सिमेंटच्या पोत्यांचे. टोप्या मात्र सगळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र.

काशीअप्पा मूळचे चिंताकीचे. भूमापन खात्यात त्यांची हयात गेली. भाऊ भावाला बांधाची एक वीत सोडत नाही हे त्यांनी इतक्या गावांत बघितलं होतं की माणसाच्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. "माणूस खोटं बोलतंय सर, पाऊल बोलत न्हाई," असं म्हणत ते क्लबातलं प्रत्येक अंतर पावलांनी मोजत. घरात कन्नड, आमच्याशी मराठी आणि बॉल हरवला की दखनी, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. खेळ बेतास बात. स्पर्धेत ते खालून पहिले किंवा दुसरे यायचे. पण माळाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकावरच्या माणसाचे फटके मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यासाठी त्यांना कोणी नेमलं नव्हतं आणि थांबवायची कोणाची छाती नव्हती. एका डॉक्टरांनी एकदा वैतागून म्हटलं की अप्पा, तुम्ही तुमचा खेळ बघा. अप्पांनी शांतपणे त्यांच्या कार्डावरच्या पाचाचे सहा करून दिले.

दसऱ्याला आमचा हंगाम सुरू होतो आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला उन्हाने संपतो. मधल्या काळात दर महिन्याला एक स्पर्धा, एखाददुसरा संघांचा सामना आणि शेवटी समाजसेवा. एका वर्षी आम्ही लातूरकडच्या एका संघाशी खेळायला गेलो. शेवटच्या होलवर आमचे कर्णधार खड्ड्यात उतरले आणि बऱ्याच वेळाने बॉलसकट प्रसन्न चेहऱ्याने वर आले. त्यांनी चार सांगितले. समोरच्या संघाची काही तक्रार नव्हती. तक्रार आमच्याच बाजूने आली. "पाच. एकदा नुसती माती उडाली," अप्पा म्हणाले, आणि आम्ही एका फटक्याने हरलो.

परतताना जीपमध्ये कोणी अप्पांशी बोललं नाही. कमलनगरला चहाला थांबलो तेव्हा कर्णधारांनी मुद्दाम त्यांना वगळून चहा सांगितला. आम्ही सगळे कपात तोंड घालून बसलो. अप्पांनी टेबलाकडे बघितलं आणि हॉटेलवाल्याला हाक मारली. "अण्णा, माणसं नऊ हायत, कप आठच आलेत. कामून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, मोजणी चुकली होती एवढंच. मला हसू आलं आणि कर्णधारांना ठसका लागला.

आता आमच्या समाजसेवेबद्दल. हंगामाच्या अखेरीला आम्ही गरजूंसाठी सामना भरवतो. बरीच वर्षं आम्ही वह्या वाटल्या. एका वहीला चार सभासदांचे हात लागलेले फोटो माझ्याकडे अजून आहेत. त्यात वही दिसते, सभासद दिसतात, मूल कुठे ते शोधावं लागतं. मग एका वर्षी माळाला लागून असलेल्या वाडीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई आमच्याकडे आल्या आणि वह्या नकोत, पाणी द्या, म्हणाल्या. शाळेत पाण्याचा थेंब नव्हता. पाचवी-सहावीच्या मुली दुसरा तास बुडवून लांबच्या हातपंपावर घागरी घेऊन जायच्या, आणि दुसरा तास गणिताचा असायचा.

सामन्याच्या सकाळी बाई मुलांना घेऊन लिंबाखाली बसल्या होत्या. अध्यक्षांनी माइक हातात घेतला. हा चषक मी जिंकलो, तर माझं बोअरचं मशीन उद्या सकाळी शाळेच्या अंगणात उभं राहील, मोटारीसकट, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. बाईंनी भीतभीत विचारलं, "आणि न्हाई जिंकलात तर?"

"बाई, शुभ बोला," गुत्तेदार हसत म्हणाले. पण त्यांना ओळखणाऱ्यांना हसू आलं नाही. हरलेल्या गोष्टीचं नावसुद्धा न काढणारा माणूस तो. ज्या गावात पंचायतीला त्यांचा उमेदवार पडला, तिथला त्यांचा पूल अजून अर्धाच आहे.

दुपारपर्यंत गोष्ट अगदी धाग्यावर आली. अप्पांवर वैतागलेल्या त्याच डॉक्टरांचा खेळ संपला होता आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसले होते. गुत्तेदारांनी शेवटचा होल सहा फटक्यांत संपवला तर चषक त्यांचा, सात लागले तर डॉक्टरांचा. मी कार्डं लिहायला अप्पांच्या शेजारी उभा होतो. ऊन रणरणत होतं. शाळेच्या दोन मुलींनी आम्हाला तांब्यातून पाणी आणून दिलं. अप्पांनी कुठलं पाणी म्हणून विचारलं. हातपंपाचं, आज पाहुणे हायत म्हणून दोनदा गेलो, असं त्यातली एक म्हणाली. अप्पा अर्धा तांब्या प्यायले आणि उरलेलं न सांडता परत दिलं.

गुत्तेदारांचा तिसरा फटका सीताफळीमागे गेला. शेडमधून ती जागा दिसत नाही, आमच्या जागेवरून दिसते. त्यांनी स्टिक फिरवली. धूळ उडाली, पानं उडाली, बॉल जागेवरच राहिला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. अगदी मी पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. मग त्यांनी पुन्हा मारलं. पुढचे दोन फटके चांगले बसले, बॉल होलमध्ये गेला आणि ते दोन्ही हात वर करून ओरडले, "सहा!"

शेडमधून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी गुत्तेदारांना काही विचारलं नाही. त्यांनी काय, सगळ्यांनीच आमच्याकडे बघितलं. क्लबात तशी पद्धतच पडली होती. "अप्पा, किती?" डॉक्टर म्हणाले.

मी अप्पांना उत्तर देताना थांबलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ते थांबले. ते गुत्तेदारांकडे बघत नव्हते, लिंबाखाली बघत होते. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. माझ्या हातात पेन होतं आणि कार्डावरचा शेवटचा चौकोन रिकामा होता.

"सहा," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी लगेच गुत्तेदारांशी हात मिळवला. दुसऱ्या कोणी सहा म्हटलं असतं तर दोन दिवस भांडण चाललं असतं. जन्मभराची इभ्रत अप्पांनी एका शब्दात खर्च केली, आणि ती चालली. जेवायला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर होती. हुग्गीवर जीव असलेले अप्पा न जेवता स्कूटर काढून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं, चांगलं पाणी लागलं. टाकीवर गुत्तेदारांचं नाव लागलं, टाकीपेक्षा किंचित लहान. जाईल तिथे ते सांगू लागले की चषक मी जिंकलोय आणि मोजायला साक्षात काशीअप्पा होते.

पुढच्या हंगामात मी कार्डं तपासताना मला अप्पांच्या बेरजेत चूक दिसली. नऊ होलांची बेरीज एकाने जास्त होती. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही. अप्पांची बेरीज चुकते यावर माझा विश्वास बसेना, म्हणून त्यांना गाठून विचारलं.

"चुकली न्हाई," ते म्हणाले. "तो फटका गुत्तेदाराचा हाय. मी त्याच्या कार्डावर लिवलो न्हाई, तर कुठंतरी लिवायला पायजे का न्हाई?"

मी म्हटलं, अप्पा, एकदा लिहिलात, फिटलं. दर वेळी कशाला?

"पोरी रोज पाणी प्यायल्यात की, सर."

आधी ते कधीकधी खालून दुसरे यायचे, आता कायमचे शेवटचे झाले. लोक म्हणायचे अप्पांचं वय झालं. तेही व्हय म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात अप्पा गेले. शेडमध्ये शोकसभा झाली. गुत्तेदार भरभरून बोलले. असा सत्यवचनी माणूस पुन्हा होणे नाही म्हणाले, आणि चषकाची गोष्ट पुन्हा सांगितली. त्याच आठवड्यात शाळेच्या बोअरची मोटार जळाली होती आणि नवी बसवून देतो असं त्यांनी बाईंना कबूल केलं होतं.

सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. घसा खाकरून म्हणाले, "सर, त्या दिवशी तुमी अप्पांच्या बाजूलाच होता. अप्पा नंतर काही बोलले का? फटक्याचं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ती धूळ त्यांच्याही डोळ्यांत होती. मला त्या क्षणी त्यांना चांगलं सुनवावंसं वाटलं. अप्पांचं शेवटचं कार्ड माझ्या खिशातच होतं. मग ती जळालेली मोटार आठवली, आणि दुसरा तास गणिताचा असतो तेही.

"न्हाई," मी म्हणालो. "सहाच होते. मीही मोजलो होतो."

मोटार बसली. हल्ली आमच्या क्लबात शेवटचा नंबर माझा असतो.