दुखतंय तवर न्या

आधीच सांगतो, मी राहुरीत शाळेवर सायन्स शिकवतो. बेंबी सरकते, मग ती चोळून जागेवर बसवतात, असलं काही पोरं बोलली की वर्गात झापतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण झालं ते झालं.

बायको, सुजाता, दोन वर्षं पोटदुखीने हैराण होती. जेवली की तासाभरात कळ, उलटी – आणि मग आपोआप बंद! सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, सीटी स्कॅनही नॉर्मल. नगरला एक डॉक्टर म्हणाले, "ताई, टेन्शन घेता का?" अहो, पोट दुखतंय म्हणून टेन्शन आहे! आणि आम्ही इतके शहाणे, की दर वेळी गोळी द्यायचो, कळ उतरली की मगच गाडीत घालून न्यायचो. तिथे पोचेपर्यंत ही ठणठणीत.

त्या रविवारी दुपारी कळ थांबेचना. गोळीसुद्धा उलटून पडली. सासूबाईंनी मला न विचारता बेंबी बसवणाऱ्या गयाबाईंना बोलावलं. माझं डोकंच फिरलं. दारातच म्हटलं, "काही गरज नाही, जा तुम्ही."

बाई आत आल्याच नाहीत. लांबूनच सुजाताकडे पाहिलं.

"ह्ये माझं काम न्हाई, मास्तर. डाव्या अंगाला आत खिसा हाय, त्यात आतडं शिरलंय. दुखतंय तवर न्या. उतरायची वाट बघू नगा."

आणि गेल्या. मी चडफडत गाडी काढली. खरं सांगायचं तर सासूबाईंच्या कटकटीला वैतागून.

कळ चालू असतानाच सीटी झाला. लहान आतडं डाव्या बाजूच्या जन्मजात पोकळीत शिरून अडकलेलं. आतला हर्निया, क्वचितच सापडतो म्हणे. लगेच ऑपरेशन. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "आतडं काळं पडायला लागलं होतं. सोडवल्यावर रंग परतला. उद्यावर ढकललं असतं तर..." मी तिथेच रडलो.

नंतर सर्जनना विचारलं, हे बाहेरून बघून कळतं का? "छे हो, हात लावूनही कळत नाही."

सुजाता घरी आल्यावर साडी-नारळ घेऊन गयाबाईंकडे गेलो, तर बाई माझ्यावरच खेकसल्या!

"खिसा? मी कवा म्हनले? तुमी दारातनंच घालवलंत मला. मी एक शबूद बोलले न्हाई."

अहो, आम्ही तिघांनी ऐकलंय! सुजाताने तर कळा सोसत ऐकलंय. मग बोललं कोण?

सासूबाई म्हणतात, देवच बोलला. बरं, बोलला... मग दोन वर्षं माझी बायको गुरासारखी ओरडत होती, तेव्हा का गप्प बसला होता, एवढं सांगा मला कुणीतरी.